फळा चालत परत आला, त्याची गोष्ट

मी सांगतो त्यावर तुमचा भरोसा बसणार नाही. रामरावचाही बसला नव्हता, आणि तो तर माझ्या थापा ऐकायला आर्णीची बस सोडून देतो.

त्या दिवशी फाट्यावर त्यानं माझ्या नातीकडे बोट दाखवलं. "उत्तमसिंगभाऊ, शाळेच्या टायमाले ममता बकऱ्याइच्या मांगं कशी?"

"सुट्टी हाय," म्हणालो, आणि गोष्ट सुरू केली.

तांड्यावरची आमची शाळा समायोजनात गेली. म्हणजे पोरं कमी, म्हणून कुलूप; लेकरांनी नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. देवीलाल गुरुजींची बदली राळेगावकडे झाली. ते आमच्यातलेच, बंजारा. नव्या लेकराशी आधी आमच्या गोरबोलीत बोलत, मग त्याला हळूच मराठीत उतरवत.

"सामान न्यायले बंडी आणली," मी रामरावला सांगितलं. "फळा चढवला अन् बैल खालीच बसले! आमचे आजे-पणजे बैलाइवर मीठ लादून मुलुख फिरले, पण अशे बैल त्यायनंबी पाह्यले नसतीन. शेवटी फळा ट्रॅक्टरनं नेला. सकाळी पाहतो तं चालत परत! पाय नाल्याच्या चिखलानं भरलेले. आमच्या सुनेनं, सोनीबाईनं धुतले."

"फळ्याचे पाय?"

"मंग! घरी येऊन इचार तिले."

रामराव हसता हसता खोकायला लागला. ममता बकरीच्या कानाशी खेळत होती. ती हसली नाही.

"अन् नव्या शाळेत पोरगी रमली का?" त्यानं विचारलं.

"रमली म्हणजे! पह्यल्याच दिवशी सरानं इचारलं, घरी कोण कोण हाय? ही म्हणे, 'याडी, बाप, आबा.' आईले आम्ही याडीच म्हणतो ना. सारा वर्ग हसला. पण सर कसे! उठले, पोराइले दटावलं, अन् साऱ्या शाळेले एका सुरात म्हणायले लावलं, याडी! तवापासून ही पह्यल्या बाकावर. उद्या पाहाजो, दप्तर घेऊन सगळ्यायच्या आधी..."

"आबा."

ममतानं बकरीची दोरी हाताला घट्ट गुंडाळली होती.

"फळ्याचं सांग. बैलाचं सांग. हे नको सांगू," ती म्हणाली. "मी नाही जात आता. सरच पह्यले हसले होते."