६.९९८ दिवसांचं वर्ष

फर्मीन आस्तुदियोला एकसष्टावं लागलं तरी त्याच्या नावावर एकही ग्रह नव्हता. सेर्रो ओर्केताच्या वेधशाळेत हे म्हणजे कोळीवाड्यात मासा न पकडता म्हातारं होणं. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं कानामागून आली आणि तिखट झाली. कुणाचे दोन ग्रह, कुणाचे पाच, एकीचे तर अकरा. "मी काय, बिनग्रहाचा माणूस," असं फर्मीन स्वतःच सांगत फिरायचा. दुसऱ्यानं हसायच्या आत आपण हसून घेतलेलं बरं, हे त्याला फार वर्षांपूर्वी उमगलं होतं.

नऊ वर्षं त्यानं एकच तारा धरून ठेवला होता. एकवीस प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे या धंद्यात शेजारचाच, तांबडा आणि मंद. त्याच्याभोवती ग्रह असला तरी तो दिसणार नाही. तो ताऱ्याला किंचित ओढतो, म्हणून तारा जरासा आपल्याकडे येतो आणि जरासा मागे सरतो. किती वेगानं? माणूस जेवण झाल्यावर शतपावली घालतो तेवढ्या. एवढं मोजायचं तर यंत्र डोंगराच्या पोटात, दोन दारांआडच्या खोलीत कोंडून ठेवावं लागतं आणि तिथलं तापमान अंशाच्या हजाराव्या भागानंही हलू देऊन चालत नाही.

आणि अखेर फर्मीनला ग्रह सापडला. त्याचं वर्ष ६.९९८ दिवसांचं होतं.

"सर, हा तर आठवडा झाला," इवेत कोयाओ म्हणाली होती. इवेत त्याची विद्यार्थिनी, म्हणजे अकरा ग्रहांची मालकीण तीच. "आठवडा माणसांचा असतो. ताऱ्यांना कुठला आलाय रविवार?"

"सात म्हणालो का मी? सहा पूर्णांक नऊ नऊ आठ!" फर्मीन उसळला होता. "यंत्र गार ठेवायला त्यात नायट्रोजन दर शुक्रवारी भरतात, तेच तुझ्या मनात आहे ना? नोंदवही बघ. नऊ वर्षं, शुक्रवार म्हणजे शुक्रवार. माझा ग्रह मात्र दर फेरीला थोडा थोडा आधी येत गेला. नऊ वर्षांत पुरता एक दिवस पुढे सरकलाय. आता तो गुरुवारी येतो! आहे काही उत्तर?"

तिनं नोंदवही चाळली; सगळीकडे शुक्रवारच. लेख तपासणाऱ्यांनीही तीच चाळली. तो एक दिवस हीच फर्मीनची सगळी पुंजी होती आणि तिच्या जोरावर लेख मंजूर झाला. सोमवारी खाली ला सेरेना शहरातल्या सभागृहात घोषणा ठरली. मार्चमध्ये निवृत्ती. ओवाय्येला राहणाऱ्या त्याच्या बहिणीनं, ओर्तेन्सियानं, कडं असलेल्या ग्रहाच्या आकाराचा केकसुद्धा सांगून ठेवला. "अगं, माझ्या ग्रहाला कडं नाही," त्यानं फोनवर सांगितलं. "तुझ्या ग्रहाला नसेल, माझ्या केकला आहे," ती म्हणाली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं तर अख्ख्या वऱ्हाडानं बाशिंगं बांधली होती.

घोषणेच्या आधीच्या शुक्रवारी फर्मीन वेधशाळेच्या भोजनगृहात जेवायला गेला. नोल्फाबाईंनी कॉन्ग्रियो माशाचं कालवण केलं होतं, त्यामुळे दारापर्यंत रांग. रांगेत सगळ्यात पुढे ओनोफ्रे बारासा. चौदा वर्षं यंत्राची देखभाल करणारा, हातात वाडगा घेऊन प्रसन्न उभा असलेला माणूस. फर्मीन त्याच्याच टेबलावर जाऊन बसला, कारण त्याला मोठेपणानं काहीतरी बोलायचं होतं.

"मायेस्त्रो, लेखाच्या शेवटी मी तुमचे आभार मानलेत. नावानिशी. तुमच्या नायट्रोजनशिवाय हा ग्रह सापडला नसता."

"अहो, कशाला डॉक्टर!" ओनोफ्रे लाजला आणि त्यानं पाव बुडवला. "जेवा, गार होतंय. आज बटाटा मस्त शिजलाय."

"आज लवकर सुटलात. भरून झालं एवढ्यात?"

"नायट्रोजन? तो कालच भरला की."

"काल गुरुवार होता."

"मग? गुरुवारीच भरतो मी." ओनोफ्रेनं काटा काढून ताटलीच्या कडेला ठेवला. "पूर्वी शुक्रवारी भरायचो. पण त्याला दोन वाजतात हो. नोल्फाबाई आल्या, शुक्रवारी हे कालवण सुरू झालं, आणि मी येईपर्यंत पातेल्याला नुसता कांदा! महिनाभर सोसलं. मग म्हटलं, यंत्राला काय, गुरुवार काय नि शुक्रवार काय."

फर्मीनच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"पण नोंदवहीत तर शुक्रवार आहे."

"तो कागद छापीलच येतो, डॉक्टर. वार आधीच छापलेला. मी नुसती सही ठोकतो. वार खोडला की खालच्या ऑफिसात तीन अर्ज भरा, कोण करतंय?"

"नोल्फाबाई कधी आल्या इथं?"

"साडेचार वर्षं झाली असतील. का हो? आवडलं नाही का कालवण?"

साडेचार म्हणजे नऊच्या निम्मे. पहिली साडेचार वर्षं शुक्रवार, पुढची साडेचार गुरुवार. संगणकानं दोन्हींमधून इमानदारीनं एक सरळ रेघ ओढली होती आणि फर्मीननं त्या रेघेला ग्रह म्हटलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा; याचा वळसा तर एकवीस प्रकाशवर्षांचा होता.

ओनोफ्रेची स्वतःची एक डायरी होती. छापील कागदावर त्याचाही विश्वास नव्हता, म्हणून खरे दिवस तो तिच्यात लिहायचा. जेवण झाल्यावर दोघं फर्मीनच्या खोलीत बसले. ओनोफ्रे एकेक तारीख वाचत गेला आणि फर्मीन पडद्यावर बघत गेला. दार उघडून नायट्रोजन भरला की यंत्र दीड दिवस शहारायचं, आणि बिचारा तारा हलल्यासारखा दिसायचा. ओनोफ्रेचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा बदली माणसानं तीन आठवडे सोमवारी भरला होता. ते तीन आठवडे ग्रह सोमवारी आला होता. मुलीच्या लग्नासाठी ओनोफ्रे कालामाला गेला, तेव्हा ग्रहानंही रजा घेतली होती.

"वा!" फर्मीन म्हणाला. "नऊ वर्षं, सगळ्या जगाला हेवा वाटेल असं यंत्र, आणि मी शोधून काय काढलं? तर तुमची जेवणाची वेळ."

ओनोफ्रे हसला नाही. त्याचा चेहरा पडला होता. "म्हणजे माझ्यामुळं झालं?"

"तुमच्यामुळं कसं? तुम्ही वेळेवर जेवलात. मी आंधळा झालो."

"आता केकचं काय होणार?"

फर्मीन काहीतरी चुरचुरीत बोलणार होता, पण त्यानं नुसताच पडदा बंद केला. त्याला तो ग्रह हवा होता. नामांकित व्हायला नाही, ते वय गेलं होतं. मार्चमध्ये हा डोंगर उतरताना, आपण तीस वर्षं इथं नुसती हवा खाल्ली नाही, एवढं स्वतःला सांगायला हवा होता.

ओनोफ्रेनं उठून दार लोटलं. परत येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, गुरुवारचं कुणाला माहीत आहे? मला. आता तुम्हाला. नोंदवहीत शुक्रवारच आहे. राहता राहिली ही डायरी." त्यानं ती मांडीवर उघडली. "माझीच आहे. मी तिचं काहीही करीन. ही पानं नव्हतीच असं समजा."

त्यात लबाडी नव्हती. एखाद्याचं ओझं वाटेत आपल्या खांद्यावर घ्यावं, तसा तो बोलला होता.

'नको' म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? तेवढा वेळ होऊन गेला. मग आणखी तेवढाच गेला. त्याच्या डोळ्यांसमोर सभागृह आलं, टाळ्या आल्या, ओर्तेन्सिया पहिल्या रांगेत आली. दुसऱ्या कुणी हा तारा पुन्हा मोजून खोटं ठरवीपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातील, हा हिशेबही त्यानं तेवढ्यात केला. चांगला नेमका केला.

कागद फाटल्याचा आवाज आला तेव्हा तो भानावर आला.

"थांबा! नको, मायेस्त्रो. नको!"

ओनोफ्रे थांबला. पान अर्ध्यापर्यंत फाटलं होतं. दोघांनी ते टेबलावर सपाट केलं. फर्मीननं ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली, पण चिकटवलं शेवटी ओनोफ्रेनंच. संध्याकाळच्या आत फर्मीननं लेख मागे घेतल्याचं पत्र पाठवलं, आणि मग ओर्तेन्सियाला फोन लावला. तिला सांगायला त्याला संपादकापेक्षा जास्त वेळ लागला.

सोमवारचं सभागृह आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे तो गेला. उभं राहून त्यानं सगळं सांगितलं: कालवण, रांग, छापील शुक्रवार. लोक पोट धरधरून हसले आणि त्यांच्याबरोबर तोही हसला, या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतंच. पुरावा म्हणून त्यानं डायरीचं पान पडद्यावर दाखवलं. चिकटपट्टी चांगली हातभर मोठी दिसत होती.

इवेतनं हात वर केला. "सर, पान मधूनच फाटलंय. ओनोफ्रेंच्या हातून फाटलं का?"

ओनोफ्रे मागच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्यानं मान खाली घातली.

"नाही," फर्मीन म्हणाला. "ते फाटणं माझं आहे."

पुढे एखादा विनोद येईल म्हणून सगळे थांबले. तो आला नाही.

"खरं बोलायला मला जितका वेळ लागला," तो म्हणाला, "तितकं ते फाटलंय."