आईचे सात फोटो

मिठाच्या बरणीला टेकून ते भिंग पुन्हा उभं होतं — लिंबाएवढं, कडेचा काळा रंग उडून आतलं पितळ उघडं पडलेलं, तोंड वर करून छताकडे बघणारं — आणि तिने मनाशी म्हटलं, ह्या माणसाला लाज म्हणून नाही. पंचेचाळिशी उलटली, डोक्यावरचे केस पळाले, कचेरीत चार माणसं हाताखाली, आणि टपालाने मागवतो काय, तर मेलेल्या माणसांच्या कॅमेऱ्यांचे डोळे! ते ठेवतो कुठे, तर आईच्या ओट्यावर. बरं, एक आणला, हौस म्हणून सोडून देऊ. हा सहावा. आणि सहाच्या सहा एकाच जातीचे, कडेला एकच आकडा कोरलेला, पन्नास. अक्षरं तिला नीट लागत नसत, तीन इयत्तांत जेवढी हाताला लागली तेवढीच. पण आकड्यांनी तिला आजवर फसवलं नव्हतं.

"डोळे दोन आणि भिंगं सहा," ती हा सहावा आला तेव्हा म्हणाली होती, "उरलेली चार काय पाठीला लावणारेस?"

मुलगा नुसता हसला होता. त्याचं ते हसणं... भांडण सुरू व्हायच्या आधीच हरल्याची पावती फाडून देणारं. बापाचं हसणं. ह्यांनी जाताना घरात काही ठेवलं नाही, हसणं तेवढं ठेवलं.

नाही, असं म्हणणं बरोबर नाही. कॅमेरा ठेवला होता. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर, त्याच्या लेन्ससकट. ह्यांच्या फोटो-स्टुडिओतला तो मोठा, काळ्या कापडाखाली डोकं घालायचा कॅमेरा कुणीतरी नेला. हा छोटा राहिला, आणि ती रोज सकाळी केर काढून झाला की जुन्या चादरीच्या मऊ तुकड्याने त्याची काच पुसत असे. चाळीस वर्षं. ते होते तेव्हाही, आणि ते गेल्यावरही. काचेवर एकदा हहा करायचं, मग गोल गोल पुसायचं. गेल्या वर्षी मुलाने नातीचे फोटो काढले, "बाबांच्याच लेन्सने" म्हणाला, तेव्हा तिने ते फोटो दारात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवले होते — बघा, काच निगेने ठेवली की माणूस गेल्यावरही कामाला येते.

दुपारी दाताचे डॉक्टर आले. मुलाला ह्या वेडात जोडीदार म्हणून मिळालेला हा एकच माणूस. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतो आणि सुट्टीच्या दिवशी भिंगांत. दोघे खिडकीपाशी बसले, आणि मुलाने सहाव्या लेन्सच्या मागून टॉर्च लावला. ती चहा घेऊन गेली तेव्हा दोघांची डोकी जवळजवळ एकमेकांवर आपटत होती.

"हिला बुरशी नाही," डॉक्टर म्हणाले. "मागच्या वेळची आठवते ना? आत कोळ्याने संसार थाटला होता."

"आतल्या झडपेच्या पात्यांना तेल आहे थोडं."

"ते निघेल. काच स्वच्छ आहे, झाली तुझी वणवण! काकू, तुमचा मुलगा सुटला एकदाचा." आणि मग, सहज, चहाच्या कपाकडे हात नेता नेता, त्यांनी फळीवरचा कॅमेरा खाली घेऊन त्याच्या लेन्सवर टॉर्च मारला. "अरे बाप रे! ही तर पार घासून निघालीय. वरचा लेप गेला सगळा. कुणी रोज पुसायचं का हिला?"

"मी," ती म्हणाली. "काच पुसायची नाही, तर काय चाटायची?"

डॉक्टर दिलखुलास हसले. "काकू, ह्या जुन्या काचा फार नाजूक. फडक्याने पुसाल तितक्या आंधळ्या होतात. आता हिच्यातून सगळं धुक्यात दिसणार. म्हणून तर हा बिचारा दोन वर्षं हिचा जोड शोधतोय, नाही का रे?"

मुलगा चहात बघत होता. म्हणजे नातीचे फोटो... ह्या काचेतून आलेच नव्हते. घासलेली काच तिला एका जागी टोचली, पण ती जागा वरवरची होती. तिथे ती थोड्या वेळाने बोट ठेवणार होती, आणि मुलाची चांगली हजेरी घेणार होती. डॉक्टरांची गाडी मात्र आता उतारावर होती.

"ह्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची जातच खट्याळ. आपण बघतो वरच्या ह्या खिडकीतून, आणि फोटो येतो खालून, लेन्समधून. लेन्सला झाकण असलं तरी डोळ्याला सगळं लख्ख दिसतं! माझ्या पहिल्या मुलाचा अख्खा रोल मी झाकण लावून काढलाय. बायकोने आठवडाभर—"

"डॉक्टर, बिस्किट घ्या ना," मुलगा म्हणाला.

एवढंच म्हणाला. पण ते म्हणताना त्याने डॉक्टरांकडे पाहिलं नाही, बिस्किटांकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. अंगावर तापलेलं दूध सांडायच्या आधी माणूस पातेल्याकडे बघतो, तसं.

ती रिकामा ट्रे घेऊन आत आली. नळ सोडला. हाताखाली भांडं नव्हतंच.

त्या दिवशी तिची आई आली होती. दिवसभराचा प्रवास करून, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचीच लेकीच्या घरी. तिचा एकही फोटो नव्हता. मोठ्या कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाला ती घाबरली, "त्यात घालून माझं काय करणार जावई?" म्हणाली, म्हणून ह्यांनी तो छोटा आणला. खिडकीजवळची खुर्ची. आईचे हात गुडघ्यांवर, नखांत भाजीचा काळा डाग. "हसू की नको?" तिने विचारलं. "आहात तशा बसा," हे म्हणाले. टक्. टक्. सात वेळा. प्रत्येक टक्‌ला आई दचकायची आणि मग दचकले म्हणून हसायची... आणि संध्याकाळी गाडीत बसून गेली, आणि दीड महिन्यात पार गेली.

फिल्मची पट्टी कोरी निघाली. धुऊन वाळत घातलेली, काचेसारखी, आरपार. ह्यांनी डार्करूमच्या दारात उभं राहून सांगितलं, "रोल नीट बसला नव्हता. माझी चूक झाली."

ज्या माणसाने अंधारात, बोलता बोलता, हजारो रोल भरले, त्याचा रोल बसला नव्हता. आणि मी ते मानलं. मानणार कशी नाही, मला तेच हवं होतं. गावभरची तोंडं टिपता, माझ्या आईचंच तोंड तेवढं तुम्हाला जड झालं — हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल? पाहुण्यांसमोर. मुलासमोर. एकदा गिऱ्हाइकासमोर, नटूनथटून बसलेल्या नवरानवरीसमोर. हे हसले होते. हसून म्हणाले होते, "जरा मान वर करा."

आणि त्या सकाळी... आई येणार म्हणून तिने स्टुडिओ दोनदा झाडला होता. धूळ उडत होती. छोट्या कॅमेऱ्याची काच पुसली, आणि मग त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम पडून असलेलं ते झाकण — खिसा ही काय झाकण ठेवायची जागा झाली? — काढून, बोटाने दाबून बसवलं. कट्, असा आवाज झाला होता. बसल्याचा. तो आवाज इतकी वर्षं कुठे होता? ते स्वतः झाकण कधीच लावत नसत, लागलंय का ते बघायची त्यांना सवयच नव्हती. मी लावलं. माझ्या हाताने.

आईचे हात आठवत होते, डाग आठवत होता, दचकणं आठवत होतं. चेहरा नव्हता. आजवर चेहऱ्याच्या जागी राग होता, नीट बसलेला, चौकटीत घातल्यासारखा. आई आठवली की ती आधी तो बघायची आणि तिला वाटायचं, आई दिसली. आता तिने तिथे पाहिलं, आणि तिथे काही नव्हतं. राग ह्यांच्यावरून उचलला, तर ठेवायचा कुठे?

बाहेर डॉक्टरांच्या चपला वाजल्या, दार लागलं. मुलगा आत आला आणि त्याने नळ बंद केला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तिने भिंतीकडे बघत विचारलं.

"काय?"

"मला वेडी समजू नकोस. वेडी नाही मी, अडाणी आहे."

"बाबांनी सांगितलं. दवाखान्यात. शेवटच्या आठवड्यात."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पट्टी कोरी निघाली तेव्हा कॅमेरा पाहिला, तर झाकण तसंच. म्हणाले, तिला सांगू नकोस, ती मोडेल."

मोडेल. जन्मभर तिच्या जिभेला घर भ्यायलं, आणि तो माणूस म्हणत होता, मोडेल. तिला हसू आल्यासारखं झालं, पण आलं नाही. रडूही येईना. कोणत्या बाजूने यावं हेच त्याला कळत नसावं.

"आई, खरंच, त्यांचा तुझ्यावर कधी राग नव्हता."

"तेच तर!" ती गर्रकन वळली. मुलाचा चेहरा तिने पाहिला. तो हसायच्या बेतात होता, ते हरलेलं हसणं ओठांपर्यंत आलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली. "हसू नकोस. हसलास तर बघ. मला सांगितलं असतं तर मी रडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि पाचव्या दिवशी उठले असते. तेवढं बळ माझ्यात होतं. माझी चूक होती ती, माझी. ती माझ्यापासून काढून घेऊन तुम्ही दोघे बापलेक चांगले झालात, आणि मी मात्र होते तेवढी वाईट राहिले."