डावा हात कोण धरणार?

श्रॉपशायरमधल्या आमच्या गावाबाहेर नगरपालिकेने भाड्याने दिलेले भाजीचे वाफे आहेत, आणि ते सांभाळणारं एक मंडळ आहे. मी, मेव्हिस प्रीस, तिथे बटाटे लावते आणि लोकांची भांडणं ऐकते. भांडणांचं पीक कधी बुडत नाही.

सगळ्यांत जुनं भांडण ऑब्री गिटिन्स आणि आनेग्रेटचं. ऑब्री शाळेत राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, विधुर, हेकट आणि मला फार आवडणारा म्हातारा. आनेग्रेट जर्मनीतल्या कार्ल्सरूहची. इथल्या माणसाशी लग्न करून आली आणि तो गेल्यावरही इथेच राहिली. दोघांचे वाफे शेजारी, त्यामुळे तण काढता काढता राज्यघटना निघायचीच.

ऑब्री म्हणायचा, ब्रिटनची घटना एका पुस्तकात नाही म्हणून कुणाचं काय अडलं? थोडी कायद्यांत आहे, थोडी न्यायालयाच्या निकालांत, उरलेली लोकांच्या सवयीत. संसदेने केलेल्या कायद्याला राजाने संमती द्यायलाच हवी असं कुठे लिहिलेलं नाही, तरी तीनशे वर्षांत एकाही राजाने ती नाकारलेली नाही. यावर आनेग्रेट खुरपं बाजूला ठेवायची.

"आणि उद्या एखाद्याने सवय मोडली तर? हिटलरच्या काळात आम्ही ते भोगलंय, ऑब्री. म्हणून आमच्या पहिल्याच कलमात माणसाची प्रतिष्ठा आहे."

"भोगलंत तेव्हाही तुमच्याकडे पुस्तक होतंच की."

"होतं. पण त्याला कुलूप नव्हतं. युद्धानंतर दुसरं लिहिलं ते कुलूप लावून. पहिलं कलम आता संसदेलाही काढता येत नाही."

मग तो थर्मासमधला चहा ओतायचा, आधी तिला. तिच्या कपात दूध नाही हे त्याला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

आमच्या मंडळातही काही लिहिलेलं नव्हतं. एक रीत मात्र होती, संसदेतून उचललेली. तिथे निवडून आलेला सभापती नको नको म्हणतो आणि दोघे त्याला ओढत खुर्चीपर्यंत नेतात. एके काळी राजाला वाईट बातमी सांगायला जाणाऱ्या सभापतीच्या जिवाला धोका असायचा, त्याची ही आठवण. आमचा नवा अध्यक्षही तीनदा नाही म्हणायचा, आणि त्याला ओढून प्रार्थनाघरातून आणलेल्या ओकच्या खुर्चीत बसवायचे. उजवा हात मावळत्या अध्यक्षाने धरायचा. डावा ऑब्रीने. इतक्या वर्षांत डावा हात दुसऱ्या कुणी धरलेला मला आठवत नाही.

यंदा जुने अध्यक्ष बेडोज मुलीकडे वेल्सला राहायला गेले आणि ऑब्रीचं नाव पुढे आलं. बटाटे काढताना तो मला म्हणाला, "मेव्हिस, सगळ्यांना मी ओढलं. मला एकदा कुणीतरी ओढून न्यावं, एवढंच आहे बघ." आणि लगेच वर बघून पावसाबद्दल बोलू लागला. आमच्याकडे मनातलं बोलून झालं की हवेबद्दल बोलायचं असतं.

त्याच सुमारास नगरपालिकेने कळवलं की वाफ्यांचा करार वाढवून हवा असेल तर मंडळाची लेखी नियमावली द्या. ती कुणी लिहिली हे सांगायला नको. ऑब्रीने विरोध केला, जुन्या मंडळींकडून लेखी काही मंजूर करणार नाही असं वदवून घेतलं, पण वाफे जातील म्हटल्यावर सगळेच तेवढ्यापुरते नरमले. नियम चांगले होते. त्यांत ओढण्याचं काही नव्हतं. आनेग्रेट आतापर्यंत सभांच्या वेळी बहिणीकडे जर्मनीत असायची, तिला ते ठाऊकच नव्हतं.

सभेच्या दिवशी ती नवी चिटणीस म्हणून सभा चालवत होती. ऑब्री बिनविरोध निवडून आला. मुलाखतीला निघाल्यासारखा टाय लावून आला होता बिचारा.

"मिस्टर गिटिन्स, तुम्हाला हे पद मान्य आहे का?"

"नाही," ऑब्री आनंदाने म्हणाला.

कुणी उठलं नाही. उजवा हात धरणारे बेडोज वेल्सला होते आणि डावा हात धरणारा स्वतःच उमेदवार होता. बाकीचे आम्ही बैलांसारखे त्याच्याकडेच बघत बसलो. मीही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

आनेग्रेटने चकित होऊन पुन्हा विचारलं. तो पुन्हा नाही म्हणाला, जरा हळू. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याला सहज सांगता आलं असतं की बाई, ही रीत आहे, मला ओढा. पण समजावून सांगावी लागली तर ती रीत कसली, असं मानणारा तो माणूस. "नाही," एवढंच म्हणाला आणि टाय सैल करू लागला.

तिने लिहून घेतलं: उमेदवाराचा नकार.

तेव्हा कुठे माझे पाय हलले. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "अगं, त्याला ओढायचं असतं."

"कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. म्हणून तर."

तिने ऑब्रीकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर हवा बघत होता. तिचा चेहरा पडला. मग तिने पेन ठेवलं आणि उभी राहिली.

"नियम मोडणार नाही," ती म्हणाली. "पण बदलता येतो. दुरुस्ती मांडते: अध्यक्षाचा नकार खरा की रीतीचा, हे त्याला ओढून पाहिल्यावरच ठरेल. दोन तृतीयांश हात हवेत."

हात वर झाले, पण जुनी मंडळी हाताची घडी घालून बसली. ऑब्रीला दिलेला शब्द ते पाळत होते, गाढव कुठले. एक हात कमी पडला. सगळ्यांनी ऑब्रीकडे पाहिलं. लेखी नियमाला हात वर न करण्यात त्याचा जन्म गेला होता.

त्याने टायची गाठ पुन्हा नीट केली. मग हात वर केला, खांद्याच्याही वर गेला नाही तो. आनेग्रेटने मोजला.

मी उजवा हात धरला. डावा तिने. ऑब्री म्हणाला, "नाही, नाही," आणि रीतीप्रमाणे मागे रेटू लागला. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस एवढा जोर लावील असं वाटलं नव्हतं. आम्ही दोघी धापा टाकत त्याला फरशीवरून नेत होतो.

खुर्ची आली. मी माझा हात सोडला. आनेग्रेटही सोडू लागली, तेव्हा ऑब्री तिच्याकडे न बघता म्हणाला, "थांब जरा. इतक्यात सोडू नकोस."

हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. तिने सोडला नाही.