सतरंजीवरची चौकशी

मित्रांनो, मी गावदेवीच्या सभामंडपातली जुनी सतरंजी आहे. चिपळूणच्या बाजारातून एसटीच्या टपावर बसून आले, तेव्हा माझे निळे पट्टे बघायला बायका मुद्दाम येत. आता एक कोपरा उंदरांनी खाल्लाय. तो पाहुण्यांना देत नाहीत, सरपंचांना देतात.

गावकी माझ्यावरच बसते. बांध कोणी सरकवला, फणस कोणाचा, हे सगळे निवाडे मी अंगावर घेतलेत.

परवा एक खाजगी विमान गावाबाहेरच्या सड्यावर, कातळावर आदळलं. चालवत होता आमच्याच गावचा विनीत. तो रत्नागिरीच्या रुग्णालयात बेशुद्ध आहे. सरकारी तपासणारे अजून पोचले नव्हते. गावकी पोचली.

"घर दिसलं असंल, म्हणून खाली घेतलंन," गावकीचा प्रमुख बाळा म्हणाला.

निलेश तज्ज्ञ होता. तो एकदा विमानाने दुबईला गेला होता, पूर्ण वेळ झोपून.

"चूक पायलटचीच असते," तो म्हणाला. "झोपेत पण कळतं."

विनीतची आई, गोदाकाकी, माझ्या कडेला बसली होती. घरावर नवा लाल पत्रा घातलाय, वरून दिसेल, असं तिनेच त्याला फोनवर सांगितलं होतं. माझी कड तिच्या मुठीत होती. मूठ आवळत गेली. बाळाचं बोलणं तिलाही खरं वाटू लागलं होतं.

शेवटी कौल लावायचं ठरलं. शिवा गुरवाने देवीच्या अंगावर पाण्याने कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर चूक विनीतची, डावी पडली तर नाही. चूक ठरली तर शिमग्यात पालखी काकीच्या दारात जाणार नव्हती. निलेशने मोबाईल वर धरला.

शिवाने गाऱ्हाणं सुरू केलं. काकी उठली.

"थांब रे शिवा. माझा झील जगंल काय, ता इचार आधी."

हे विचारायचं गावकीला सुचलंच नव्हतं. बाळाने निलेशचा हात खाली केला. शिवाने प्रश्न बदलला. आता सगळे, तज्ज्ञही, कळ्यांकडे बघताहेत. अजून एकही पडलेली नाही.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, झटकून ठेवा. आणि माझ्यावर बसून कोणाला दोषी ठरवण्याआधी त्याची आई कुठे बसली आहे, तेवढं बघा.

आत्ता जरा सरकून घ्या. काकी अजून उभी आहे.