खिंडीतलं निशाण

शीळफाट्याच्या पलीकडे डोंगरात शिरणाऱ्या रस्त्यावर धाकू दर सुट्टीला सायकल हाणायचा. वागळे इस्टेटच्या यंत्रांनी आठवडाभर किटलेले कान तिथे मोकळे व्हायचे. गाडी नाही, हॉर्न नाही. चढ संपला की खिंडीत गावदेवीचं लाल निशाण. तिथे हात जोडायचे आणि उतारावर सायकल सोडून द्यायची.

नव्वद साली पावसाळा सरल्यावर तो पुन्हा आला, तर निशाण अलीकडच्या वळणावरच! देवी खाली आली की काय? धाकूने चपला काढल्या, डोळे मिटून हात जोडले.

तोच कुणीतरी बखोट धरून त्याला मोठ्या दगडामागे ओढलं. "मरायला आलास का रे? सुरुंग लावलाय! लाल बावटा दिसत नाय?"

डोंगर फुटला. धाकूच्या पायाखालची जमीन हादरली. धूळ बसल्यावर त्याने वर पाहिलं. खिंडीचा डावा कडाच नव्हता. तिथे नुसतं आभाळ होतं.

"आणि देवीचं निशाण?" त्याने कसंबसं विचारलं.

"तेच की हे," खाणीवरचा तो माणूस कपडे झटकत म्हणाला. "वर उगाच फडफडत होतं. म्हटलं, बावट्याला नवं कापड कशाला आणा?"