चहाची किटली आणि बुडवलेलं जहाज

मित्रांनो, माझ्या पोटावरचा हा पोचा बघून हसू नका. मी एक जुनी किटली आहे, आणि हा पोचा मला एका सरकारने पाडला आहे.

माझा जन्म न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. चांगली तीस कप चहा मावणारी मी! पहिली बारा वर्षं मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या शेडमध्ये गेली. मग हुरिया नावाची माओरी स्वयंपाकीण मला ऑकलंडच्या धक्क्यावर, 'कोतुकु' जहाजावर घेऊन आली.

हे जहाज साधंसुधं नव्हतं. दूरचं एक बलाढ्य सरकार आमच्या समुद्रातल्या एका बेटाखाली अणुबॉम्बच्या चाचण्या करत होतं. 'कोतुकु' तिथे जाऊन निषेध म्हणून त्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहणार होतं. हुरियाचा नियम एकच होता. पाहुणा आला की आधी चहा, मग चौकशी.

एके दिवशी एक परकी तरुणी आली. मी शिक्षिका आहे, मला मदत करायची आहे, म्हणाली. हुरियाने तिला चहा दिला, लोणी लावून पाव दिला आणि कौतुकाने इंजिनाची खोलीसुद्धा दाखवली.

म्हातारा इंजिनवाला लेस्टर कुरकुरला, "अगं बाई, उद्या चोर आला तर त्यालाही लोणी लावून देशील!"

"देईन की! उपाशी चोर जास्त चोरतो," हुरिया म्हणाली. सगळे खो खो हसले. मीही वाफ सोडून हसले.

आठवड्याने, संध्याकाळची जेवणं आटोपत असताना, तळाशी स्फोट झाला. लेस्टर पंप सुरू करायला खाली धावला. तेवढ्यात दुसरा स्फोट झाला. जहाज धक्क्यालाच बुडालं. लेस्टर वर आला नाही.

पोटावर हा पोचा घेऊन अकरा दिवस मी चिखलात होते. पाणबुड्याने मला वर काढलं तेव्हा हुरिया मला मांडीवर घेऊन ढसाढसा रडली. "मीच तिला खोली दाखवली. मीच!" त्या सरकारने आधी कानावर हात ठेवले. मग पोलिसांनी त्यांचे हेर पकडले, तेव्हा हुकूम आपलाच होता हे नाइलाजाने कबूल केलं.

पुढची चाचणी दोन महिन्यांवर आली होती आणि जायला जहाजच नव्हतं. धक्क्यावरच्या शेडमध्ये सभा भरली. कुणी म्हणालं, मोहीम सोडा. कुणी म्हणालं, धक्क्याच्या फाटकाला कुलूप घाला, परक्याला आत सोडू नका. हुरिया कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. इतक्यात लेस्टरची बहीण डोरीन थेट तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"रडून झालं का?" डोरीनने विचारलं. "आमची मासेमारीची बोट आहे. नवरा चालवेल. स्वयंपाकीण नाही."

"डोरीन, माझ्यामुळे तुझा भाऊ..."

"माझ्या भावाला बॉम्बने मारलं, चहाने नाही. येतेस की नाही?"

हुरिया उठली. डोळे पुसून सगळ्यांना म्हणाली, "येते. पण फाटकाला कुलूप नाही! माणसं माणसांना घाबरायला लागली, तर त्यांचा तिसरा बॉम्ब फुटला म्हणून समजा."

दोन महिन्यांत चौदा बोटी जमल्या. आम्ही बेटापाशी पोहोचलो, तेव्हा त्या सरकारच्या युद्धनौका आमच्याभोवती घिरट्या घालत होत्या. चाचणी त्यांनी केलीच, खोटं कशाला सांगू? पण या वेळी जग बघत होतं. आम्ही पुढच्या वर्षी गेलो. त्याच्या पुढच्याही वर्षी गेलो. अखेर एक दिवस चाचण्या बंद झाल्या.

मग मात्र लोक मला विसरले. नऊ वर्षं मी शेडमध्ये पडून होते. माझ्यात रंगाचे ब्रश भिजत घालायचे हो! पुढे अचानक माझी थोरवी सगळ्यांना आठवली आणि संग्रहालयाचे साहेब मला मागायला आले. म्हणाले, काचेच्या कपाटात ठेवू, दिवा लावू. मी हरखलेच.

सत्तरीची हुरिया म्हणाली, "त्या बेटाखालचं विष अजून तिथेच आहे. ते कधी साफ करणार, हे कुणी सांगत नाही. काम संपलं की या."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. घासा, पुसा, पोचे मात्र ठोकून काढू नका. आणि ज्या कामासाठी कुणी जीव दिला, ते काम अर्धवट असेल, तर आमच्यासारख्यांना शोभेला ठेवू नका. हुरियाने मला राखेने लख्ख घासलं आहे. सोमवारी आम्ही त्या बेटाकडे निघतोय.