उज्वलाच्या पाठीतली वीज

दर गुरुवारी दिंडोरीच्या मंगल कार्यालयात विद्युतानंद महाराजांपुढे रांग लागायची. महाराज एकेकाची मान धरून हनुवटी छातीला टेकवत. "डोकं खाली, अहंकार खाली, शक्ती आत." बहुतेकांना काहीच व्हायचं नाही. मग त्यांची श्रद्धा कमी पडली म्हणायचं.

माझी धाकटी बहीण उज्वला मात्र दचकून म्हणाली, "ताई, पाठीतून पार पायाच्या बोटांपर्यंत करंट गेला."

जयजयकार झाला. तेव्हापासून दर गुरुवारी तिला पुढं बसवू लागले.

उज्वलाला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या नसांचं आवरण खराब करते. हातापायांत आग, मुंग्या, ठणका. महिन्याभरात ठणका उतरला आणि महाराजांनी गोळ्या बंद करायला लावल्या. मी विज्ञानाची शिक्षिका, सांगून सांगून थकले. "तुझ्या गोळीनं कधी करंट आला का?" तिच्या सासूबाई चांगुणाबाई मलाच विचारायच्या.

चार महिन्यांनी उज्वलाचा उजवा पाय उचलेना. नाशिकला डॉक्टरांकडे नेलं, चांगुणाबाईही आल्या. सगळं ऐकून डॉक्टर म्हणाल्या, "हनुवटी छातीला लावा."

उज्वला दचकली. "आला. अगदी तसाच."

"मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली असली की मान वाकवताना असं होतं. हे आजाराचंच लक्षण. ठणकाही कधी आपोआप ओसरतो, आणि आजार पुन्हा उसळतो."

उज्वलानं स्वतःच पुन्हा मान वाकवली. "म्हणजे माझ्या रोगावर तो टाळ्या घेत व्हता."

पुढच्या गुरुवारी काठी टेकत ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि मान वाकवली. "बघा, मला कुणी हात लावला नाय. तरी करंट आला. हा माझ्या आजाराचा हाय."

महाराज हसले. "आमची शक्ती दुरूनही पोचते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात चांगुणाबाई उठल्या. "शक्ती पोचते, मग हिचा पाय का गेला?"

महाराजांनी पुढच्या माणसाला बोलावलं. चांगुणाबाईंनी सुनेचा दंड धरला आणि आम्ही तिघी बाहेर पडलो.

गोळ्या पुन्हा सुरू आहेत. पाय मात्र पूर्वीसारखा झालेला नाही. अंगात जे जाणवतं ते खरंच असतं हो. ते कशानं होतं, एवढं डॉक्टरांना विचारा. आणि कुणाच्या सांगण्यावरून औषध सोडू नका.